अंदमानात मुक्काम कुठे करावा? भटक्या जोडप्यांसाठी टप्प्याटप्प्याने

अंदमानचं ठरलं की आपल्याकडे आधी पॅकेज विचारलं जातं. पॅकेजचा साचाही ठरलेला असतो: पोर्ट ब्लेअरला दोन-तीन रात्री, हॅवलॉकला दोन, नीलला एक. सोबत आईवडील असतील, सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहणं हाच मुख्य हेतू असेल, तर तो साचा वाईट नाही. पण तुम्ही दोघं शनिवार-रविवार सह्याद्रीत काढणारे असाल आणि सकाळी सहाला पाण्यात उतरायची तुमची तयारी असेल, तर त्या साच्यात अर्धी सुट्टी गाडीत आणि जेट्टीवर संपते.

माझं म्हणणं एवढंच की खोली सगळ्यात शेवटी निवडा. आधी बेट, मग त्या बेटाची कुठली बाजू, मग गाव आणि मग खोली. बहुतेक जण फोटो बघून उलट्या क्रमाने जातात आणि तिथे पोचल्यावर रोज स्कूटरवर तास-दीड तास घालवतात.

सुरुवातीलाच नावांचं बघून घ्या, नाहीतर तिकीट काढताना गडबडायला होतं. डिसेंबर २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप आणि नील म्हणजे शहीद द्वीप. सप्टेंबर २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजय पुरम झालं आहे. बोटीच्या तिकिटावर नवी नावं दिसतील, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनी. मीही इथे जुनीच वापरतो.

१. आधी दिवस आखा

अंदमान आपल्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ भारताचंच. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेपाचला दिवे लागतात. पहाट तशीच लवकर होते. मुंबई-पुण्याच्या सवयीने नऊला नाश्ता करून बाहेर पडलात तर उजेडाचे तीन-चार तास आधीच गेलेले असतात. रात्री नऊ-साडेनऊला बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात.

म्हणून कागद घ्या आणि दोघांनी वेगवेगळं लिहा: मला काय करायचंय? स्कूबा, स्नॉर्केलिंग, जंगलवाट, सायकल, कयाक, सर्फिंग की नुसतं पोहणं? मग त्यातलं सकाळचं काय आणि संध्याकाळचं काय ते वेगळं करा. स्कूबाच्या बोटी सकाळी लवकर सुटतात, सूर्यास्त अर्थातच संध्याकाळी. मुक्काम सकाळच्या कामाजवळ असावा. संध्याकाळच्या ठिकाणी आरामात जाता येतं, पहाटे साडेपाचला डोळे चोळत बारा किलोमीटर जाणं मात्र दुसऱ्याच दिवशी नकोसं होतं.

२. बेट ठरवा

हॅवलॉक: स्कूबा शिकायचं असेल तर दुसरा विचारच करू नका. डाइव्ह सेंटर सगळ्यात जास्त इथेच आहेत. शिवाय जंगलवाट, खारफुटीतलं कयाकिंग आणि मोठी पुळण, सगळं एकाच बेटावर मिळतं.

नील: लहान आणि बरंचसं सपाट बेट. भाताची आणि भाजीची शेतं, केळी, नारळी-पोफळी. सायकलवर एका दिवसात सगळं बेट पालथं घालता येतं. दोघांना निवांतपणा हवा असेल तर इथल्या रात्री वाढवा.

पोर्ट ब्लेअर: याला लोक फक्त वाटेतलं शहर समजतात, पण चिडिया टापूची जंगलवाट, माउंट हॅरिएट (आता माउंट मणिपूर) आणि वंडूरहून जाता येणारं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान ही तिन्ही ठिकाणं इथूनच होतात. उद्यानातल्या जॉली बॉय बेटावर प्लास्टिक नेता येत नाही आणि ते वर्षाचे काही महिने बंद असतं. त्या काळात पर्यटकांना रेड स्किन बेटावर नेतात.

दिगलीपूर (उत्तर अंदमानात): ट्रेकर जोडप्यांनी याचा जरूर विचार करावा. सॅडल पीक हे अंदमानातलं सर्वांत उंच शिखर, ७३२ मीटर. कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी उंची ऐकून हसू नका. चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, एका बाजूचं अंतर आठेक किलोमीटर आहे आणि दमट हवेत अंगातलं पाणी झपाट्याने निघून जातं. वनखात्याच्या चौकीवर नोंद करून पहाटेच निघायचं. मुक्काम गावात न करता काळीपूरला करा. तिथून शिखराची वाट जवळ आहे आणि हिवाळ्यात त्याच किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. मात्र पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने जायला अख्खा दिवस जातो. आठवड्यापेक्षा कमी सुट्टी असेल तर हा बेत सोडून द्या. वाट जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जाते. गाड्या जिरकाटांगहून ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. ‘जारवा दिसतील’ असं कोणी आमिष दाखवलं तर त्या माणसाशी पुढचा व्यवहारच नको.

लिटल अंदमान: हट बे हे इथलं बंदर आणि बटलर बे हा सर्फिंगचा किनारा. सर्फिंग येत असेल आणि बोट वेळेवर न सुटण्याची तयारी असेल तरच. राहण्याच्या सोयी साध्या आहेत.

पहिल्या खेपेला आठवडाभर असेल तर हॅवलॉक आणि नील, बस. तिसरं बेट घुसडू नका.

३. हॅवलॉक: बाजू कोणती?

मुक्काम चुकतो तो इथेच, त्यामुळे हा भाग नीट वाचा.

हॅवलॉकच्या किनाऱ्यांना नंबर आहेत. जेट्टी उत्तरेला, १ नंबरला. तिथून पूर्व किनाऱ्याने खाली आलं की ३ नंबर म्हणजे गोविंदनगर, मग ५ नंबर म्हणजे विजयनगर, आणि रस्ता संपतो तिथे काळापत्थर. राधानगर म्हणजे ७ नंबर. तो पूर्ण उलट्या, पश्चिम बाजूला, जेट्टीपासून सुमारे १२ किलोमीटरवर.

पूर्व बाजूच्या हॉटेलांचे फोटो भरतीच्या वेळी काढलेले असतात. हिरवंनिळं पाणी थेट झाडांच्या बुंध्यापर्यंत आलेलं. ओहोटीला तेच पाणी शे-दोनशे मीटर मागे सरतं आणि खडक, मेलेलं प्रवाळ आणि चिखलट वाळू उघडी पडते. तिथे पोहता येत नाही, घोट्याएवढ्या पाण्यात अडखळत चालावं लागतं. पाय कापायची भीती असते ती वेगळीच. राधानगरला तसं नाही. तळ वाळूचा आणि उतार हळूहळू आहे, त्यामुळे भरती असो वा ओहोटी, पोहता येतं. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा थेट याच किनाऱ्यावर येतो आणि लाटा जोरदार असतात. लाल बावटा असेल तर जीवरक्षकांशी हुज्जत घालू नका.

एवढं वाचून राधानगरलाच राहावं असं वाटेल. थांबा. राधानगरला राहण्याच्या जागा मोजक्या आणि त्यातल्या नावाजलेल्या चांगल्याच महाग. अंधार पडला की खायला हॉटेलातलंच, कारण बाजार ३ नंबरला आणि डाइव्ह सेंटरही ३ आणि ५ नंबरच्या पट्ट्यात. रोज स्कूबा करणार असाल तर रोज पहाटे बेट ओलांडावं लागेल.

माझी निवड अशी:

स्कूबाचा कोर्स करायचा असेल तर विजयनगर. डाइव्ह सेंटर चालत गाठता येतं आणि बाजार स्कूटरवर काही मिनिटांत. किनाऱ्यावर समुद्री महुआची जुनी झाडं पाण्यावर आडवी झुकली आहेत, दुपारी सावलीला पडून राहायला त्याहून चांगली जागा बेटावर नाही. इथला सूर्योदय खोलीच्या पायरीवर बसून बघता येतो.

खिसा हलका असेल आणि खाण्यापिण्यासाठी बाहेर पडायला आवडत असेल तर गोविंदनगर. बाजार, एटीएम, औषधाचं दुकान आणि बंगाली पद्धतीचं मासे-भात देणाऱ्या खाणावळी इथेच. शाकाहाऱ्यांचीही सोय होते.

नुसतं पोहायचं, वाचायचं आणि लांबच लांब चालायचं असेल तर राधानगर, तेही दोन रात्रीच.

काळापत्थरच्या बाजूला शांतता भरपूर आहे. पण स्वतःची स्कूटर नसेल तर तिथे अडकून पडाल.

एलिफंट बीचसाठी मुक्काम बदलायची गरज नाही. जेट्टीवरून बोटीने जाता येतं, किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलवाटेने साधारण दोन किलोमीटर चालत. तुम्ही चालतच जा, पण वाटाड्या घेऊन. पावसानंतर वाट चिखलाची होते, चप्पल अर्ध्यात साथ सोडते.

संध्याकाळी राधानगरहून पूर्वेकडे परतताना एक लक्षात ठेवा: सूर्य बुडाला की अर्ध्या तासात मिट्ट काळोख. रस्ता जंगलातून वळणावळणाचा, दिवे जवळपास नाहीत आणि मध्येच गाय बसलेली. भाड्याची स्कूटर घेतानाच हेडलाइट आणि ब्रेक बघून घ्या.

४. नील: इथे डोकं कमी खाजवावं लागतं

भरतपूर जेट्टीला लागून आहे. स्नॉर्केलिंग आणि काचेच्या तळाच्या बोटी इथे, आणि दुपारी दिवसभराच्या सहलींची गर्दीही इथेच. लक्ष्मणपूरला सूर्यास्त, सीतापूरला सूर्योदय. खडकाची नैसर्गिक कमान लक्ष्मणपूर २ ला आहे आणि तिथे ओहोटीलाच जाता येतं. म्हणजे हॅवलॉकला जिला शिव्या घातल्या, त्या ओहोटीची इथे वाट बघायची!

मी सीतापूर किंवा लक्ष्मणपूर सुचवेन. बेट एवढं लहान आहे की अंतराचा प्रश्न येत नाही, फक्त भरतपूरच्या गलक्यापासून दूर राहा. सायकल मिळाली तर स्कूटर घेऊच नका. दोन्ही बाजूंना शेतं आणि मधून अरुंद रस्ता, सकाळी सहाला त्यावर तुम्ही आणि भाजी घेऊन बाजाराला निघालेले शेतकरी एवढेच असता. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना सरकारने इथे वसवलं. त्यामुळे बोली बंगाली आहे, पण हिंदी सगळ्यांना येतं.

५. रात्री वाटून घ्या

सात रात्री असतील तर: पोर्ट ब्लेअर एक, हॅवलॉक तीन किंवा चार, नील दोन किंवा एक, आणि परतीच्या आदली रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअरला. ही शेवटची रात्र वाचवायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

दुसरं कारण स्कूबाचं. शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नसतं. बरेच प्रशिक्षक २४ तास सांगतात आणि मीही तेच धरून चालतो. म्हणून क्रम हॅवलॉक आधी आणि नील नंतर असा लावा.

कोर्स करणार असाल तर ओपन वॉटरला (स्कूबाचा पहिला प्रमाणपत्राचा कोर्स) तीन-चार दिवस लागतात आणि पोहायला यावं लागतं. एकदाच बुडी मारून बघायची असेल तर पोहता येण्याची अट नसते, अर्धा दिवस पुरतो. दोघांपैकी एकालाच कोर्स करायचा असेल तर दुसऱ्याने काय करायचं ते आधीच ठरवा. हॅवलॉकमध्ये यावरून झालेली भांडणं शेजारच्या झोपडीत ऐकू येतात.

महिन्यांचं थोडक्यात: जानेवारी ते एप्रिल उत्तम, त्यातही फेब्रुवारीनंतर पाणी जास्त शांत. मे ते सप्टेंबर पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरलाही सरी आणि वादळाची शक्यता असते. नाताळ ते नववर्ष हा आठवडा टाळता आला तर टाळा. दर चढलेले असतात आणि काही ठिकाणी ३१ डिसेंबरचं महागडं जेवण सक्तीने बिलात येतं.

६. फोन करा आणि हे विचारा

संकेतस्थळावरची वर्णनं बाजूला ठेवून थेट मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी बोला. हिंदीत, ‘दादा’ म्हणून सुरुवात करा, पलीकडचा माणूस मोकळा होतो.

– ओहोटीला समोर पोहता येतं का? ‘आता भरती आहे, या ना’ असं गोलगोल उत्तर आलं तर समजून जा.
– किनारा थेट दारात आहे की रस्ता ओलांडून? जाहिरातीतल्या ‘बीच’ शब्दावर जाऊ नका. मुख्य रस्त्याच्या आतल्या बाजूला असलेली खोलीही त्याच नावाने विकली जाते.
– वीज गेली तर जनरेटरवर पंखा चालतो की एसीही? बेटावरची वीज मुख्यतः डिझेलवर चालते, अधूनमधून जाते.
– पाणी गोडं आहे का? उन्हाळ्यात टंचाई असते का?
– पहाटे पाचला चहा आणि डब्यात नाश्ता मिळेल का?
– ओले कपडे, मास्क, फिन (पायात घालायचे पंखे) वाळत घालायला जागा आहे का? हा प्रश्न फालतू वाटतो. तिसऱ्या दिवशी ओल्या कपड्यांचा वास खोलीभर पसरला की पटतो.
– जेट्टीवरून घ्यायला कोणी येतं का, आणि त्याचे पैसे वेगळे का?
– तुमच्याकडे कुठलं नेटवर्क चालतं? चेन्नईहून टाकलेली समुद्राखालची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून परिस्थिती खूप सुधारली, तरी गावागावात फरक पडतो. सुट्टीत ऑफिसचं काम करायच्या भरवशावर जाऊ नका.

तारखा ठरल्या की भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. कोकणातल्यांना सांगायला नको, अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त चढतं आणि जास्त ओसरतंही. मात्र तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढायचा आपला हिशोब इथे लागू पडत नाही. पोर्ट ब्लेअरचं कोष्टक वेगळं आहे, ते फोनमध्ये उतरवून घ्या. रात्री चमकणाऱ्या पाण्यात कयाक चालवायची हौस असेल तर अमावास्येच्या जवळच्या रात्री निवडा, चांदण्यात तो प्रकाश दिसत नाही.

७. झोपडी की पक्की खोली

बांबूची झोपडी स्वस्त, हवेशीर आणि देखणी. पण फटी असतात, पाली-किडे येतात, आवाज आरपार जातो आणि पावसात सगळं दमट होतं. पक्की खोली थंड ठेवता येते, सामान सुरक्षित राहतं. दिवसभर बाहेरच असणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये झोपडी घ्या, मच्छरदाणी धड आहे का ते बघा. एप्रिल-मेच्या उकाड्यात किंवा पावसाळ्यात पक्कीच बरी.

रात्री पायरीवर ठेवलेली सँडल सकाळी झटकून घाला, शंखातले खेकडे त्यात शिरून बसलेले असतात. निरुपद्रवी आहेत, पण अंगठ्याला चिमटा बसला की झोप उडते.

किनाऱ्यावर तंबू ठोकायचा विचार असेल तर परवानगीशिवाय नको.

८. बुकिंगचा क्रम आणि नेहमीच्या फसगती

आधी विमान, मग बेटांमधल्या बोटी, मग खोल्या. बोटीआधी खोलीचे सगळे पैसे भरले आणि त्या दिवशीची बोट मिळाली नाही, तर एक रात्र फुकट जाते. खासगी जलद बोटी हॅवलॉकला साधारण दीड ते दोन तासांत पोचवतात, पण काच बंद, एसी आणि उठून फिरायला फारसा वाव नाही. सरकारी बोट हळू आणि स्वस्त, डेकवर वारा खात उभं राहता येतं. ती मिळत असेल तर मी तीच घेईन. तिची तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात आणि लवकर संपतात. पोट नाजूक असेल तर उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या.

खोली रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट वाचा, विशेषतः हवामानामुळे बोट रद्द झाली तर काय, हे लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालतो.

‘हनिमून पॅकेज’मध्ये पलंगावरची फुलं आणि केक यांचे पैसे खोलीत मिसळलेले असतात. नको असेल तर साध्या खोलीचा दर वेगळा मागा.

सगळ्या रात्री घरूनच पक्क्या करायच्या का? गर्दीच्या महिन्यांत हो. फेब्रुवारीअखेरीपासून पुढे हॅवलॉकच्या पहिल्या दोन रात्री पक्क्या करा आणि उरलेल्या तिथे खोली डोळ्यांनी बघून ठरवा.

९. कागदपत्रं आणि सामान

भारतीयांना अंदमानसाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबारला लागतो, तिथे सहज जाता येत नाही.

बरोबर ठेवा: मूळ ओळखपत्र (बोटीच्या तिकिटावरचं नाव त्याच्याशी जुळलं पाहिजे), स्कूटरसाठी वाहन परवाना, खोली आणि बोटीच्या तिकिटांच्या छापील प्रती, पुरेशी रोख रक्कम. एटीएममध्ये पैसे नसणं इथे नवल नाही. दमा, कानाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर स्कूबासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र घरूनच आणा, बेटावर ते मिळवताना दिवस जातो.

सामानात स्वतःचा मास्क आणि स्नॉर्केल, प्रवाळावर चालायचे रबरी बूट, पाणी न शिरणारी पिशवी, डोक्याला लावायची बॅटरी, पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट. आणि खोबरेल तेल. वाळूत बारीक माश्या असतात, चावल्या की आठवडाभर खाज सुटते. तेल चोपडलं की कमी चावतात. उघड्या वाळूवर आडवं पडू नका, चटई घ्या.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. राधानगरच्या टोकाला नील्स कोव्हजवळ २०१० मध्ये एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. घाबरून पोहणं सोडायचं कारण नाही, पण खाडीच्या मुखाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नका, अंधार पडल्यावर तर कुठेच नाही. मुक्कामाच्या ठिकाणी पोचल्यावर खोलीची किल्ली घेतानाच विचारा: समोर कुठून कुठपर्यंत पोहायचं? तिथे राहणाऱ्या माणसाला ते नेमकं माहीत असतं.